कोळसा जमिनीत असून भागत नाही

आज आपण कुडव्यात जमलो आहोत. गोंदिया जंक्शन इथून जवळच. कोळशाच्या मालगाड्या आपण रोज बघतो. फाटक बंद असलं की वैतागतोही. पण ती गाडी वेळेवर आलीच नाही तर?

साधा हिशेब करू. आपल्या तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट. ते दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर ७ कोटी ९२ लाख युनिट वीज होते. युनिटला साधारण ६०० ग्रॅम कोळसा धरला, तरी दिवसाला ४७ हजार टनांवर लागतो. एका मालगाडीत मावतो जेमतेम ४ हजार टन. म्हणजे रोज १२ गाड्या, एकट्या तिरोड्यासाठी!

आता विदर्भाकडे पाहू. वणी, बल्लारपूर, उमरेड, कामठी या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'वेकोलि'च्या. १९७५ साली स्थापन झालेल्या या कंपनीचं मुख्यालय नागपूरला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १०० कोटी टन कोळसा निघाला. त्यात वेकोलिचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटेल. पण महाराष्ट्रातल्या वीज केंद्रांना हा कोळसा जवळ पडतो, आणि अडचणीच्या वेळी जवळचा कोळसाच कामी येतो.

ऑक्टोबर २०२१ आठवा. पावसाने खुल्या खाणींत पाणी भरलं, कोरोनानंतर विजेची मागणी वाढली, आयात कोळसा महागला. देशातल्या निम्म्याहून अधिक औष्णिक केंद्रांत चार दिवसही पुरेल इतका कोळसा उरला नव्हता. जमिनीत साठे भरपूर होते हो, कमी पडला तो केंद्राच्या आवारात! म्हणून ऊर्जासुरक्षा म्हणजे खाण, रेल्वे आणि साठा, तिन्ही मिळून. खाणीपासून दूर असलेल्या केंद्रांनी २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा, हा नियम त्यासाठीच.

मग आणखी खाणी खोदायच्या का? इथे थोडं थांबू. तिरोड्यासाठी आधी चंद्रपूरजवळचा लोहारा पट्टा ठरला होता. तो ताडोबाच्या जंगलाला लागून असल्याने तिथली खाण झाली नाही. वाघाचं जंगल राहिलं, कोळसा दुरून आणावा लागला. देशाला वीज हवी, हे खरंच. पण तिच्यासाठी धूळ, विस्थापन आणि जंगलतोड सोसणाऱ्या गावांचा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे. ती वही आपण विदर्भातल्या लोकांनीच उघडायची आहे.