शिफारस करणाऱ्याची जबाबदारी : आफ्रिकी पुस्तकांच्या साठ वर्षांचा मागोवा

2021 या एका वर्षात आफ्रिकी लेखकांना जेवढे मोठे सन्मान मिळाले, तेवढे त्याआधी क्वचितच कुठल्या वर्षी मिळाले असतील. झांझिबारमध्ये जन्मलेल्या अब्दुलरझाक गुर्ना यांना नोबेल मिळाले, दक्षिण आफ्रिकेच्या डेमन गॅलगट यांना बुकर, सेनेगलच्या मोहम्मद म्बुगार सार यांना फ्रान्सचे गाँकूर, सेनेगलमध्ये वाढलेल्या डेव्हिड दिओप यांना इंटरनॅशनल बुकर आणि मोझांबिकच्या पाउलिना शिझियाने यांना पोर्तुगीज भाषेतला कामोइश सन्मान. पण गुर्नांचे नाव जाहीर झाले तेव्हा अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या मिळतच नव्हत्या. पहिली कादंबरी 1987 मध्ये आलेला, 1994 च्या ‘पॅराडाइज’साठी बुकरच्या अंतिम यादीत पोचलेला आणि तोवर दहा कादंबऱ्या लिहिलेला हा लेखक, तरी वाचकाने हात पुढे केला तेव्हा फळी रिकामी होती. सन्मानामुळे लेखकाचे नाव घरोघरी गेले, पुस्तके मागे राहिली. गेल्या साठ वर्षांकडे वळून पाहिले तर हे अंतर पुन्हा पुन्हा दिसते. जिथे शिफारस करणाऱ्यानेच पुस्तक निवडण्याची, परवडेल अशा किमतीत छापण्याची आणि छापत राहण्याची जबाबदारी उचलली, तिथेच आफ्रिकी पुस्तके वाचकांमध्ये मुरली.

याचा सर्वांत भक्कम पुरावा 1962 मध्ये सुरू झालेली हाइनमन प्रकाशनाची ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ हाच आहे. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ 1958 मध्ये लंडनला अवघ्या दोन हजार प्रतींत निघाली होती. तिचे कौतुक झाले, पण पुठ्ठाबांधणीची ती प्रत घेणे नायजेरियातल्या विद्यार्थ्याला झेपणारे नव्हते. हाइनमनच्या शैक्षणिक विभागाचे अ‍ॅलन हिल पश्चिम आफ्रिकेत फिरले, तेव्हा त्यांना एक गोष्ट खटकली. ब्रिटिश प्रकाशक तिथे पाठ्यपुस्तके विकून भरपूर पैसा नेत होते आणि तिथल्या लेखनासाठी त्यातले काहीच परत देत नव्हते. मग स्वस्त कागदी बांधणीची मालिका ठरली आणि अचेबे यांचीच कादंबरी तिचे पहिले पुस्तक झाले. पुढची दहा वर्षे अचेबे या मालिकेचे संपादकीय सल्लागार होते, तेही मानधन न घेता. पहिली शंभर पुस्तके त्यांच्या नजरेखालून गेली. 1962 मध्ये कंपालाच्या मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली, तिथे न्गुगी नावाच्या एका विद्यार्थ्याने आपले हस्तलिखित त्यांच्या हाती दिले. त्यातून ‘वीप नॉट, चाइल्ड’ 1964 मध्ये छापून आली. शिफारस म्हणतात ती ही. स्वतः कादंबरीकार असलेल्या माणसाने दुसऱ्याचे कच्चे बाड वाचावे, ते प्रकाशकापुढे ठेवावे, आणि दोन वर्षांत ते पुस्तक शाळकरी मुलाला परवडेल अशा किमतीत बाजारात यावे. फ्लोरा न्वापा, बेसी हेड, दाम्बुद्झो मारेचेरा, अरबीतून आलेले तय्यब सालिह, फ्रेंचमधून आलेल्या मारियामा बा या सगळ्यांना आफ्रिकाभर वाचक मिळाला तो या मालिकेतून. 2003 पर्यंत तीत साडेतीनशेहून अधिक पुस्तके निघाली.

या मालिकेवरचे आक्षेप हलके नाहीत. कंपनी ब्रिटिश होती, नफा लंडनला जात होता आणि पुस्तकांची निवड बरीचशी शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमाकडे डोळा ठेवून होत होती. नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांना नारिंगी मुखपृष्ठांची ती मालिका म्हणजे आफ्रिकी लेखकांना वेगळे काढून बसवलेली वस्ती वाटे. न्गुगींनी पुढे इंग्रजीच सोडली. 1978 मध्ये कामिती तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर त्यांनी ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ ही कादंबरी मूळ गिकुयूत लिहिली. परक्या भाषेत लिहिलेले साहित्य आपल्याच शेतकऱ्या-कामगारांपर्यंत पोचत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते आणि आजही आहे. पण हे पुस्तक छापले कोणी? हाइनमनच्याच नैरोबी शाखेने. ती शाखा चालवणारे हेन्री चकावा केनियाचेच होते, आणि न्गुगींची पुस्तके काढल्याबद्दल त्यांच्यावर जीवघेणा हल्लाही झाला. परक्या भांडवलाच्या घरात राहूनही निवडीची किल्ली आपल्या माणसाकडे असेल, तर निवड बदलते, एवढे यातून दिसते. अभ्यासक्रमामुळे निवड आखडली हे मान्य करावे लागते. पण शाळा नसती तर लाखो वाचकांच्या हाती ही पुस्तके पडलीच नसती, आणि जी पिढी आज लिहिते आहे तिने अचेबे-न्गुगी वाचले ते वर्गातच.

1982 मध्ये नायजेरियाने परकीय चलनावर कडक बंधने घातली. तेलाचे भाव पडले होते, आयातीसाठी पैसे नव्हते, आणि या मालिकेच्या पुस्तकांची सर्वांत मोठी बाजारपेठ एकाएकी बंद झाली. वाचक तिथेच होते, लेखक लिहीत होते, फक्त पुस्तक बंदरात उतरेना. नवी पुस्तके घटली, जुनी छापणे थांबले. समीक्षकांची मते याच काळात बदलली नव्हती. तरी एका पिढीला आफ्रिकेतलेच लेखक आफ्रिकेत मिळेनासे झाले. या अनुभवातून शहाणे होऊन आफ्रिकेतल्या काही प्रकाशकांनी 1989 मध्ये ऑक्सफर्डला ‘आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह’ उभी केली. प्रकाशकांच्याच मालकीची ही वितरणसंस्था त्यांची पुस्तके बाहेरच्या ग्रंथालयांपर्यंत नेऊ लागली.

मग यादी करण्याचे काम आफ्रिकेने स्वतः हाती घेतले. झिम्बाब्वेच्या ग्रंथमेळ्यात केनियाचे अभ्यासक अली मझरुई यांनी कल्पना मांडली आणि 2002 मध्ये विसाव्या शतकातली शंभर उत्कृष्ट आफ्रिकी पुस्तके जाहीर झाली. त्यातल्या पहिल्या बारांकडे नीट पाहावे. अचेबे, सोयिंका आणि इजिप्तचे महफूझ आहेतच. पण त्यांच्या शेजारी घानाच्या मेशॅक असारे यांचे ‘सोसूज कॉल’ हे लहान मुलांचे चित्रपुस्तक आहे. चालता न येणारा सोसू समुद्र खवळल्यावर ढोल वाजवून गावाला सावध करतो, अशी त्याची गोष्ट. याच बारांत थॉमस मोफोलो यांची सेसोथो भाषेतली ‘चाका’ आहे. ती लिहून झाली 1910 च्या सुमारास, पण मिशनऱ्यांच्या छापखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिली आणि 1925 मध्ये बाहेर आली. मुलांचे पुस्तक आणि आफ्रिकी भाषेतले पुस्तक नोबेल विजेत्यांच्या पंगतीला बसवणारी यादी लंडन-पॅरिसमध्ये झाली असती असे वाटत नाही.

घरच्या शिफारशीलाही आंधळे कोपरे असतात, हे मात्र सांगायलाच हवे. त्याच बारांतली त्सित्सी दांगारेम्ब्गा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ झिम्बाब्वेतल्या प्रकाशकांनी नाकारली होती. 1988 मध्ये ती लंडनच्या ‘विमेन्स प्रेस’ने छापली. स्वतंत्र झालेल्या देशात मुलीच्या शिक्षणाची, घरातल्या पुरुषी सत्तेची गोष्ट ऐकायला तेव्हाचे घरचे कान तयार नव्हते. म्हणून निवडणारा आफ्रिकीच हवा, एवढे म्हणून भागत नाही. निवडणारे अनेक हवेत, आणि एकाने नाकारलेले पुस्तक छापायला दुसरा तयार हवा.

पारितोषिकांमुळेच तर जग या लेखकांना ओळखते, असा आक्षेप यावर येईल. तो अर्धा खरा आहे. सार यांच्या गाँकूरची हकिगत पाहिली की उरलेला अर्धा समजतो. त्यांची कादंबरी पॅरिसच्या फिलिप रे या छोट्या प्रकाशकाने सेनेगलच्या ‘जिमसान’बरोबर मिळून काढली होती. जिमसानच्या संस्थापकांत बूबाकर बोरिस दिओप आणि फेल्विन सार हे दोघे लेखक आहेत. गाँकूर मिळाले तेव्हा पुस्तकाला सेनेगलमध्ये घर होते. गुर्नांच्या बाबतीत हे काम नोबेलनंतर झाले. ‘पॅराडाइज’चा ‘पेपोनी’ हा स्वाहिली अनुवाद इदा हाजिवायानिस यांनी केला आणि 2022 मध्ये तो टांझानियाच्या मकुकी ना न्योता या प्रकाशनाने काढला. ज्या किनाऱ्याची ती कादंबरी आहे तिथली बोली तिला अठ्ठावीस वर्षांनी मिळाली.

मराठी वाचकापर्यंत हे साहित्य बहुतेक इंग्रजीतून येते, आणि येते ते पारितोषिकांच्या बातम्यांच्या मागोमाग. त्याऐवजी पुस्तकापासून सुरुवात करावी. मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ पहिली घ्यावी. 1979 मध्ये ती डाकारच्या प्रकाशनाने फ्रेंचमध्ये काढली, 1980 मध्ये आफ्रिकेत प्रकाशित पुस्तकांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार तिला मिळाला. नवरा वारल्यावर चार महिने दहा दिवसांचा शोक पाळत बसलेली रामातुलाय आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिते. त्याने मुलीच्याच वर्गमैत्रिणीशी दुसरे लग्न केलेले असते. आता मयताच्या घरी दोन्ही बायका शेजारी बसतात आणि सासरची माणसे दोघींना सारखाच मान देतात. हे सारे ती आवाज न चढवता सांगते. सवतीचा सल आणि विधवेचे बंधन मराठी कथा-कादंबरीने शंभर वर्षे लिहिले आहे. हे पुस्तक वाचताना आपल्याला अनुवादाचा अडसर जाणवणार नाही. त्यानंतर सालिहांची ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ घ्यावी. आणि गोव्याच्या वाचकाने पीटर नाझरेथ यांची ‘इन अ ब्राउन मँटल’ शोधून काढावी. नाझरेथ कंपालात जन्मलेले गोवेकर. मकेरेरेत शिकले, आफ्रिकी साहित्याचे समीक्षक म्हणून पुढे अमेरिकेत नाव कमावले. त्यांची ही कादंबरी 1972 मध्ये नैरोबीला निघाली, इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले त्याच वर्षी. एका काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजकारणात उतरलेला गोवेकर डिसूझा तीत आपली गोष्ट सांगतो, आणि येऊ घातलेल्या हकालपट्टीची चाहूल तीत आधीच लागलेली आहे. पणजीच्या किंवा मुंबईच्या एखाद्या प्रकाशकाने ती मराठीत आणि कोंकणीत आणली, तर पहिली आवृत्ती संपल्यावर दुसरी काढण्याची तयारी आधीपासूनच ठेवावी.