भोंग्याचे तोंड

सुसाफोन हे पितळी वाद्य रस्त्यासाठी जन्मलेच नाही. खामगाव-मलकापूरच्या वरातीत हे वाद्य पाहणाऱ्याला हे पटणे अवघड, पण अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूझाचे गाऱ्हाणे नेमके उलटे होते. अमेरिकेच्या मरीन बँडमधला हेलिकॉन हा गोल ट्युबा अंगाभोवती वेटोळे घालून मिरवणुकीत छान वाजे. सभागृहात मात्र त्याचा आवाज इतरांच्या पुढे उसळी घेई. म्हणून भोंगा आकाशाकडे वळवण्याची सूचना झाली आणि 1893 मध्ये फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी तसे वाद्य घडवले. रसिकांनी त्याला ‘पाऊसझेल्या’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले.

पुढे श्रेयाचा वाद झाला. एल्कहार्टच्या कॉन्न कंपनीने 1898 मध्ये आपले वाद्य काढले आणि पहिलेपणाचा मान बराच काळ तिलाच मिळत राहिला. सूझाने 1922 मध्ये स्वतःच खुलासा केला: कल्पना आपली, घडवणारे पेपर, नावही त्यांनीच कृतज्ञतेने दिलेले, सर्वांत सफाईदार घडण मात्र कॉन्नची. एवढा स्वच्छ निवाडा वाद्यांच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

सूझाचा स्वतःचा बँड रस्त्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच चालला. त्याला वरचा भोंगा पुरे. इतरांना चालायचे होते, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोंगा समोर आला. याने खर्ज वाढला, हा समज चुकीचा. 58 हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे सहा मीटर लांब. 66 सेंटिमीटरचा भोंगा तिला दिशा देऊ शकत नाही. समोर जातात ते वरचे उपस्वर, म्हणजे सुराची धार. ढोल-ताशांत ऐकू येते ती हीच.

जुन्या घडणींत कॉन्नचा 20के हा भारदस्त. नळीचा आतला व्यास 18.6 मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास मुद्दाम आखूड ठेवलेला. श्वास भरपूर मागतो, पण सूर रुंद आणि गडद देतो. किंग कंपनीच्या वाद्याची नळी 17.4 मिलिमीटरची, सूर चटकन धरतो, दमही कमी लागतो. वरातीत तासन्‌तास चालणाऱ्याला किंगच सोयीचा. ध्वनीच्या श्रीमंतीत 20केला तोड नाही. पुढे फायबरग्लासच्या सुसाफोनने खांदा सुखावला आणि पितळेची झळाळी गेली. मेरठच्या जली कोठीत आजही पितळेचेच सुसाफोन घडतात.

खामगाव-मलकापूरकडचा, घाटाखालचा उन्हाळा या सगळ्यांची परीक्षा घेतो. साडेपाच मीटर नळीतला सूर 20 अंशांवर जुळवला आणि वरात 42 अंशांत निघाली, तर तो पाव स्वराहूनही जास्त चढतो. कॉर्नेटमधली हवा फुंकरीने आधीच तापलेली असते, त्यामुळे तो इतका चढत नाही. कॅसिओचा कीबोर्ड तर जागचा हलत नाही. त्यांच्याशी जुळवायचे तर सुसाफोनची नळी 20 सेंटिमीटर लांब व्हावी लागते, म्हणजे स्लाइड 10 सेंटिमीटर बाहेर. घाटावर, बुलढाण्यात, पारा पाच अंश खाली असेल तर तीच स्लाइड दोन-सव्वादोन सेंटिमीटर आत ढकलावी लागते.