कांजिण्यांतील ज्वर आणि बालकाच्या शरीरातील पाण्याची उणीव

हिवाळा सरू लागला की हजेरीपटावर कांजिण्यांमुळे गैरहजर राहणाऱ्या मुलांची संख्या वाढते. सहासात वर्षांचा विद्यार्थी बहुधा लवकरच सुधारतो. परंतु त्याच्या संसर्गाने 10 ते 21 दिवसांनी घरातील धाकटे भावंड आजारी पडते, आणि त्याची काळजी अधिक घ्यावी लागते. शिक्षकाचा शब्द अशा घरी मानला जातो. यास्तव ही माहिती त्यास असणे अगत्याचे होय.

पालकांचे लक्ष पुरळाकडे असते. पुरळ बहुधा आपोआप खपली धरते. ज्वरात मात्र घामावाटे व श्वासावाटे पाणी अधिक जाते, आणि त्याच वेळी तोंडात फोड आल्याने गिळताना बालक रडते, पेला दूर सारते. अशा वेळी लहानशा देहातील पाणी पाहता पाहता उणे होते.

त्यात जुन्या समजुतींची भर पडते. देवीचा रोग भारतात 1975 नंतर आढळला नाही व 1980 साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. तथापि त्या भयाने घातलेले निर्बंध कांजिण्यांना अद्याप लावले जातात. औषध द्यावयाचे नाही, अंग धुवावयाचे नाही! दाराशी कडुनिंबाचा डहाळा लावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्यावरून वाद घालू नये. औषध अडविले जाते तेथे मात्र स्पष्ट बोलावे.

पाणी पेलाभर एकदम न देता एकदोन मिनिटांस एक चमचा द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. पातळ पेज, गोडे ताक, वरणाचे निवळ पाणी चालते. तिखट व आंबट वर्ज्य करावे. उलट्या वा जुलाब असल्यास जलसंजीवनीची पूर्ण पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर, उकळून निवविलेल्या पाण्यात विरघळवावी. अंदाजाने थोडी पूड पेल्यात टाकणे अपायकारक होय. उरलेले पाणी 24 तासांनी टाकून द्यावे.

ज्वरासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोस 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 12 किलोच्या मुलास 120 ते 180 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने द्यावे. दिवसात चारांहून अधिक मात्रा नकोत. बाटलीवरील प्रमाण पाहून मात्रा आरोग्यसेविकेकडून ठरवून घ्यावी. ॲस्पिरिन कदापि देऊ नये. त्याने मेंदू व यकृत यांस गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळावे.

घरी गेल्यावर ‘ताप किती?’ यापेक्षा ‘लघवी केव्हा झाली?’ हे मातेस विचारावे. सहा ते आठ तास लघवी न होणे, अश्रूंवाचून रडणे, डोळे खोल जाणे, बालक सुस्त पडणे, यांपैकी काही आढळल्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चार दिवसांहून अधिक ताप, उतरलेला ताप पुन्हा चढणे, फोडांभोवती लाल व गरम सूज, धाप अथवा झटके हीदेखील तशीच लक्षणे होत. तान्ह्या मुलास वा गर्भवतीस संसर्गाची शंका येताच लक्षणांची वाट पाहू नये.

विद्यार्थ्यास सर्व फोडांवर खपली धरल्यावरच वर्गात घ्यावे. तोवरची रजा हजेरीच्या आग्रहापायी कमी करू नये.