लाखोळीची डाळ आणि आपली कसोटी

व्यापारातील धर्मसंकट म्हणजे काय, याविषयी पुष्कळांची समजूत अपुरी असते. मापात मारणे, खोटी पावती फाडणे, ही उघड पापे होत. ती करू नयेत हे घरातील लहान मुलासही कळते. परंतु ज्या प्रसंगी दोन्ही बाजूंस काही ना काही कर्तव्य उभे असते आणि एकाचे पालन केले असता दुसऱ्याची हानी होते, त्या प्रसंगास धर्मसंकट म्हणावे. असे प्रसंग धान्याच्या पेढीवर येतात, तसेच दवाखान्यातही येतात. आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळी आता वैद्यक व औषधविक्री या व्यवसायांतही शिरली असल्याने दोहोंचा विचार एकत्र करणे उचित होय. त्याकरिता आपल्या परिचयाचेच एक धान्य उदाहरणादाखल घेऊ.

आपल्या आदिलाबादच्या शेजारी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात लाख अथवा लाखोळी पिकते. उत्तरेकडे हिला खेसारी किंवा तिवरा म्हणतात. धान कापण्याच्या सुमारास ओल्या बांधीत बी फेकले की नांगरट वा पाण्यावाचून पीक हाती येते. अवर्षणात इतर पिके करपली तरी ही तग धरते. त्यामुळे ती गरिबाचा आधार झाली आणि त्यामुळेच गरिबाचा घातही तिच्याकडून झाला. इतर धान्य न मिळाल्यामुळे जो मनुष्य महिनोन्‌महिने मुख्यतः लाखेवरच जगतो, त्याचे पाय ताठरतात. तो काठीच्या आधाराने चवड्यांवर चालू लागतो आणि पुढे खुरडत राहतो. गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. १८२९ नंतरच्या नापिकीच्या वर्षांत सागर भागात असे कित्येक तरुण पंगू झाल्याचे इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदविले आहे. रेवा भागात तर शेतमजुरांस मजुरीच या धान्यात मिळत असे. या विकाराचे मूळ असलेले विषद्रव्य १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा या शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

त्यापूर्वीच, १९६१ साली, केंद्र सरकारने या धान्याच्या विक्रीवर बंदीचा नियम केला होता. पुढे नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी, मिश्र आहारात ही डाळ अपायकारक नाही, असे प्रतिपादून दीर्घकाळ चळवळ केली आणि २००८ साली महाराष्ट्र सरकारने बंदी उठविली. २०१६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवरा या अल्पविषारी वाणांस अनुकूल मत दिले. डाळ भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिल्यास विष पुष्कळ कमी होते, हेही सिद्ध झाले आहे. तात्पर्य, प्रश्न काळा-पांढरा नाही. राज्याराज्यांत नियमही सारखा नाही. म्हणून असा माल घेण्यापूर्वी चालू नियम अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी समजून घेणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.

आता संकट कोठे येते ते पाहा. समजा, जुन्या संबंधातील एका डाळमिलवाल्याकडून शंभर पोती तूरडाळ आली. नमुना पाहता तिच्यात लाखेची डाळ आढळली. तिचा दाणा तुरीसारखा गोलसर नसून चपटा, चौकोनी व उतरत्या कडेचा असतो. सरावलेली नजर तो ओळखते. माल परत केला तर मिलवाला अडचणीत येतो, ठेवला तर पैसा अडकतो, विकला तर खाणाऱ्यास तूर म्हणून भलतेच अन्न जाते. दलाल म्हणतो, “एवढ्याने कोणी मरत नाही.” कदाचित ते खरेही असेल. परंतु कोणाच्या घरी ती डाळ दिवसातून एकदा शिजेल आणि कोणाच्या घरी तेच मुख्य अन्न होईल, हे आपणांस ठाऊक नसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले. अंगावर सूज येऊन ६० हून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी कोणासही विकणाऱ्याने शत्रू मानले नव्हते. त्यांचा विचारच केला नव्हता.

अशा वेळी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, वस्तुस्थिती नक्की काय आहे? एका मुठीवरून निर्णय न घेता अनेक पोत्यांतून नमुने काढून तपासणी करवावी. दुसरा, या व्यवहारात हानी कोणाची होईल आणि त्यांपैकी कोणाला ती दिसतच नाही? मिलवाला समोर बसून बोलू शकतो. खाणारा बोलू शकत नाही, म्हणून त्याची बाजू आपणच मांडली पाहिजे. तिसरा, जे मी करणार आहे ते बिलावर स्पष्ट लिहिता येईल काय? चौथा, होणारा तोटा न्यायाने कसा वाटावा? या प्रसंगी उत्तर असे निघते की, माल लेखी कळवून परत करावा आणि तो अन्न म्हणून आपल्या पेढीवरून बाहेर जाऊ देऊ नये. मिलवाला निर्दोष असेल तर त्याला उधारीची मुदत वाढवून द्यावी. मैत्री आपल्या गल्ल्यातून निभवावी, परक्याच्या ताटातून नव्हे.

हेच प्रश्न दवाखान्यात लावून पाहा. पाय ताठरलेला मजूर डॉक्टरांकडे येतो. मजुरीत मिळणारे धान्यच तो खातो. मालकास कळले तर काम जाईल, म्हणून तो म्हणतो, “माझे नाव सांगू नका.” रोग्याचे गुपित राखणे हे वैद्याचे कर्तव्य, त्याच धान्यावर जगणाऱ्या इतर कुटुंबांस वाचविणे हेही कर्तव्यच. येथे नाव झाकून, गाव व धान्य यांची माहिती आरोग्य अधिकाऱ्यास देता येते. समाजास गंभीर धोका असता माहिती देण्याची मुभा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही आहे. दोन कर्तव्यांमध्ये पुष्कळदा अशी तिसरी वाट असते; ती शांतपणे शोधावी लागते.

त्याच नियमांनी रोगी दुसऱ्याकडे पाठविल्याबद्दल दलाली घेण्यास मनाई केली आहे. ‘कट’ या नावाने ती सर्वांस परिचित आहे. काही बंधू म्हणतात, आपण अडत घेतो, मग डॉक्टरांनी घेतली तर काय बिघडले? भेद मोठा आहे. आपली अडत पट्टीवर लिहिलेली असते आणि देणाऱ्यास ठाऊक असते. रोग्यास मात्र त्या रकमेचा पत्ता नसतो, भावताव करण्याची शक्ती नसते आणि सल्ला खरा की सौद्याचा, हे पारखण्याचे ज्ञानही नसते.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे व राज्यनियमाचे उल्लंघन यांसह ‘प्रतिरूपक-व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नकली वा भेसळीचा माल देणे, हाही आहे. भेसळ ही चोरीच्या पंक्तीस बसविली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हेमचंद्राचार्यांनीही गृहस्थाच्या पस्तीस गुणांत न्यायाने मिळविलेल्या वैभवास पहिले स्थान दिले आहे.

अखेर एक व्यावहारिक सूचना. संकट आल्यावर एकट्याने, रात्री, हिशेबाच्या दडपणाखाली निर्णय करू नये. संघातील दोन अनुभवी सभासद व एक डॉक्टर यांचे लहानसे सल्लागार मंडळ असावे, शंकास्पद मालाच्या तपासणीचा खर्च संघाने उचलावा आणि नाव गुप्त राखून विचारण्याची सोय असावी. सचोटीने वागणाऱ्या व्यापाऱ्यास तोटा एकट्यालाच सोसावा लागला, तर सचोटी दुर्मिळ होते. सर्वांनी थोडथोडा वाटून घेतला, तर ती बाजाराची रीत होते.