श्रावणातील लिंबू, चैत्रातील सरबत

आषाढ-श्रावणात कागदी लिंबाच्या बागेत गेले असता झाडांखाली पिवळ्या फळांचा सडा पडलेला दिसतो. आंबे बहाराची फळे याच सुमारास एकदम तोडणीस येतात. पावसामुळे सरबताची मागणी ओसरलेली असते आणि तोडणीची मजुरी व गाडीभाडे वजा जाता पुष्कळदा हाती काहीच उरत नाही. तेच लिंबू चैत्र-वैशाखात नगावर विकले जाते. हस्त बहार धरून उन्हाळ्यात फळे आणणे हा यावर बागेतील उपाय होय. परंतु त्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडांना ताण बसावा लागतो आणि पाऊस लांबला की तो बसत नाही. प्रस्तुत लेखात घरातील उपाय सांगावयाचा आहे. तो म्हणजे लिंबाचा रस आणि परसातील सुवासिक वनस्पती घालून केलेला पाक यांचे टिकाऊ सरबत.

याने बागाईतदाराचा तोटा भरून निघेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एका घरात फार तर दहा-पंधरा किलो फळ खपेल. परंतु कोणते फळ खपेल, हे पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग पडलेली लिंबे व्यापारी बाजूला काढतो. हा डाग सालीपुरताच असतो. आतील रसास त्यामुळे बाध येत नाही. तेव्हा बाजाराने नाकारलेले डागी फळ रसासाठी खुशाल घ्यावे. मात्र तडकलेले, मऊ पडलेले किंवा बुरशी आलेले फळ एकही घेऊ नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई सरबती’ या वाणाच्या नावातच सरबत आहे. पण परभणीचे ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’, किंवा बांधावरचे जुने गावठी झाड, यांचाही रस तितकाच उपयोगी पडतो.

एक लिटर रसासाठी सुमारे अडीच किलो लिंबे लागतात. ती धुऊन, पुसून, आडवी कापावी आणि हलक्या हाताने पिळावी. शेवटचा थेंब काढण्याच्या हव्यासाने साल चुरगाळली अथवा बी चिरडले गेले, तर रसात कडवटपणा उतरतो आणि तो पुढे साखरेनेही झाकत नाही. रस पातळ कापडातून लगेच गाळून घ्यावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा काचेचे असावे. लिंबाचे आम्ल तांबे, पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम यांवर क्रिया करते, म्हणून ती भांडी येथे वर्ज्य समजावीत.

आता पाकाकडे वळू. एक लिटर पाण्यात दोन किलो साखर घालून ती मंद आचेवर विरघळवावी. चमचाभर लिंबाचा रस टाकला असता मळी वर येते. ती काढून टाकावी. मग गवती चहाची आठ-दहा पाने धुऊन, कापून, त्यांची जुडी बांधून पाकात सोडावी. ठेचलेले आले सुमारे पन्नास ग्रॅम घालावे आणि दहा मिनिटे मंद उकळू द्यावे. गवती चहाच्या तेलाचा मुख्य घटक सिट्रल हा असून तोच थोड्या प्रमाणात लिंबाच्या सालीतही असतो. या दोहोंची चव एकमेकींत सहज मिसळते, याचे कारण हेच. गृहिणींना ते रसायनशास्त्रावाचूनच ठाऊक आहे. चहात गवती चहा घालणाऱ्या हातास वेगळे शिकवावे लागत नाही.

पुदिन्याची गोष्ट मात्र निराळी आहे. पुदिना उकळला की काळवंडतो आणि त्याला शिजवलेल्या गवताचा वास येतो. म्हणून पातेले चुलीवरून उतरवल्यावरच मूठभर पाने त्यात बुडवावीत, वर झाकण ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाक गाळून घ्यावा. तुळशीची पाने घालावयाची असल्यास हीच रीत पाळावी. एका वेळी दोन-तीन वनस्पतींपेक्षा अधिक घालू नयेत. सर्वच सुवास एकत्र केले तर सरबत न होता काढा होतो.

गाळलेला पाक पूर्णपणे थंड झाल्यावरच त्यात लिंबाचा रस मिसळावा. या कृतीत सर्वांत अधिक चुकणारी पायरी हीच. घाईने गरम पाकात रस ओतला, तर ताज्या लिंबाची चव जाते आणि क जीवनसत्त्वही घटते. विस्तव हा साखरेसाठी व गवती चहासाठी आहे, रसासाठी नाही.

एवढ्या मालाचे सुमारे सव्वातीन लिटर सरबत होते. ते टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक दोन ग्रॅम घ्यावे, थोड्या थंड सरबतात विरघळवावे आणि ते सर्वांत मिसळावे. ते खाद्य प्रतीचेच असावे. मिसळताना उग्र वायू सुटतो. तोंड पातेल्यावर धरू नये.

काही वर्षांपूर्वी एका गावी प्रात्यक्षिकात आम्ही चौदा बाटल्या भरल्या. काटा आणावयाचा राहिला होता, म्हणून मी परिरक्षक चमच्याने अंदाजे घातले. पुडीही मागील हंगामातील, तोंड उघडे राहिलेली होती. तीन आठवड्यांनी घरच्या बाईंचा निरोप आला, की रात्री फडताळात बूच उडाले आणि धान्याच्या डब्यांवर चिकट ओघळ आले. सरबत आंबले होते. चौदाही बाटल्या ओताव्या लागल्या, आणि त्यांची साखर त्या घरची होती. हे परिरक्षक हवेत व दमटपणात निकामी होत जाते, हे मला पुस्तकातून माहीत होते! तेव्हापासून प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सोनाराच्या काट्यावर दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या तोलून त्या घट्ट झाकणाच्या बरणीत नेतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही असेच करावे, अशी विनंती आहे.

बाटल्या काचेच्या घ्याव्यात. त्या पाण्यात उकळून, पालथ्या घालून पूर्ण कोरड्या कराव्यात. सरबत भरताना वर दोन बोटे जागा सोडावी, बूच घट्ट बसवून त्यावर मेण ओतावे, आणि भरल्याची तारीख लिहावी. थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेले सरबत सहा ते आठ महिने राहते. उजेडात व उष्णतेत रंग तपकिरी होत जातो. दम्याच्या रोग्यास हे परिरक्षक बाधण्याचा संभव असतो. अशा घरी ते न घालता थोडेच सरबत करून शीतकपाटात ठेवावे व लवकर संपवावे. बचत गटास विक्री करावयाची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये नोंदणी अगोदर करून घेतली पाहिजे.

पिताना एक भाग सरबतास तीन ते चार भाग माठातील गार पाणी घ्यावे, चिमूटभर सैंधव आणि भिजवलेला सब्जा घालावा. पाहुणे आले असता पाण्याऐवजी अर्धा पेला ताज्या मोसंबीचा रस घालून पाहावा. मोसंबीत आंबटपणा कमी असतो, तो लिंबाने येतो. आणि गवती चहाचा वास पेला तोंडाशी नेण्यापूर्वीच जाणवतो. मोसंबीचा रस मात्र त्याच वेळी काढावा, तो बाटलीत भरून ठेवू नये.