'अजिंठा' सिनेमातली पारो: इतिहास किती, कविता किती?

ज्यांना आजचा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

सुरुवात फ्रान्सपासून करू. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांचा ताबा असताना, मार्सेल कार्ने यांनी 'ले झांफां द्यु पारादी' हा प्रेमपट बनवायला घेतला. तो १९४५ मध्ये पडद्यावर आला. त्यातला मूकाभिनय करणारा नायक देब्युरो खराखुरा होऊन गेलेला कलाकार. ज्या गारांसवर तो जीव टाकतो, ती मात्र लेखक झाक प्रेव्हेर यांच्या कल्पनेतली.

आता आपल्या जळगावकडे या. नितीन चंद्रकांत देसाईंचा 'अजिंठा' (२०१२) बघितलाय ना? चित्रकार रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट. पारोच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी. इथे मामला जरा वेगळा आहे, कारण गिल खरा आणि पारोही खरी. मग कल्पना कुठे सुरू होते?

गिलच्या बाजूला पुरावे भरपूर आहेत. तो मद्रास सैन्यातला अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्या केल्या आणि लंडनला धाडल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक सगळी चित्रं जळाली. म्हणजे कॉपी गेली, ओरिजिनल मात्र आपल्या डोंगरात राहिलं! वाचलेली मोजकी चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. गिल १८७९ मध्ये वारला. त्याचं थडगं आपल्या भुसावळला आहे.

आणि पारो? तिच्या बाजूला मुख्य पुरावा एकच: अजिंठा गावातलं थडगं. जळगावहून गेलात तर फर्दापूर सोडून घाट चढल्यावर हे गाव लागतं. दगडावर तिला 'प्रिय' म्हटलंय आणि मृत्यूची तारीख दिलीय, २३ मे १८५६. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या लॉगमध्ये एकच एन्ट्री, तीही दुसऱ्याने केलेली. ती काय बोलायची, तिला हा गोरा साहेब कसा वाटायचा, हे त्या दगडावर नाही.

ती रिकामी जागा भरली ना. धों. महानोरांनी. त्यांचं पळसखेडं लेण्यांच्याच परिसरातलं. त्यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यावरून सिनेमा झाला. म्हणून पडद्यावर पारो बोलते तेव्हा ते शब्द तिचे नाहीत, आपल्या मातीतल्या एका कवीने तिला दिलेले आहेत. मला त्यात फसवणूक वाटत नाही. फक्त त्या संवादांचे स्क्रीनशॉट 'खरा इतिहास' म्हणून ग्रुपवर फिरतात, तेव्हा खऱ्या पारोचं गप्प असणंही पुसलं जातं.

महानोर आणि देसाई दोघंही ऑगस्ट २०२३ मध्ये, एका दिवसाच्या अंतराने गेले.

भुसावळकरांनो, गिलचं थडगं बघितलं असेल तर तिथली आजची अवस्था व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.