बालनटाला मिसरूड फुटतं तेव्हा

‘राजा और रंक’ (1968) मधला छोटा महेश कोठारे आठवतो? राजपुत्र तोच आणि गरिबाचं पोरही तोच. निरुपा रॉय आई झाल्या होत्या, मग थिएटरात पदर डोळ्यांना लागायचेच! त्याआधी 1963 साली ‘छोटा जवान’ येऊन गेला होता.

पण बालनटाचं दुखणं ठरलेलं. मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो आणि काल गालगुच्चे घेणारे आज ओळख देत नाहीत. सचिन पिळगावकर तरले. ‘हा माझा मार्ग एकला’ (1963) मधलं पोर 1975 च्या ‘गीत गाता चल’मध्ये नायक झालं. सगळ्यांचं नशीब असं कुठलं?

कोठारेंनी कायद्याची पदवी घेतली, वकिलीही केली. पोराला मालिकेत घालायला निघालेल्या खामगाव-चिखलीच्या आईबापांनी ही पदवी तेवढी ध्यानात ठेवावी. त्यानंतर 1985 साली त्यांचा ‘धुमधडाका’ आला, दिग्दर्शक तेच आणि पडद्यावरही तेच. 1993 च्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूनं तर घरोघरची पोरं पांघरुणात घातली!

गंमत म्हणजे 1994 साली ‘माझा छकुला’त त्यांनी स्वतःच्याच मुलाला, आदिनाथला, उभं केलं. तेही पुढे दिग्दर्शक झाले. त्यांचा ‘पाणी’ 2024 मध्ये लागला. गोष्ट नांदेडकडच्या तहानलेल्या गावाची. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या बुलढाणेकरांना ती परकी वाटायची नाही.